कर्जात अडकलेल्या कुटुंबांसाठी स्वयंसेवी घरखर्च सल्लागार व्हायचे आहे. हिशेब येणे पुरेसे आहे का?

हिशेबनीस (प्रश्न)

नमस्कार. तीस वर्षे लेखा विभागात नोकरी करून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. कर्जबाजारी कुटुंबांना विनामूल्य मदत करणाऱ्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे आहेत असे कळल्यावरून मी तिच्या परिचय बैठकीला जाऊन आलो. कुटुंबासोबत बसून मिळकत आणि खर्च मांडायचा, देण्यांची यादी करायची आणि ती कशी फेडता येतील याचा आराखडा तयार करून द्यायचा, असे कामाचे स्वरूप तिथे सांगण्यात आले. हे तर आपण आयुष्यभर करत आलो, असे मला वाटले. मात्र बैठक संपल्यावर तिथल्या एका अनुभवी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "पहिले सहा महिने तुमचे हिशेबाचे ज्ञानच तुम्हाला आडवे येईल." त्या हे हसत म्हणाल्या, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याला कारणही आहे. काही वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकाला कर्जफेडीचा असाच आराखडा बनवून दिला होता. कागदावर तो बिनचूक होता, महिन्याकाठी थोडी शिल्लकही राहत होती, आणि तिसऱ्याच महिन्यात तो कोलमडला. त्यानंतर त्या नातेवाइकाने माझ्याशी पैशाचा विषय काढणेच बंद केले. माझे नेमके काय चुकले हे मला आजपर्यंत समजलेले नाही.

ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांना अशी मदत मिळाली आहे, त्यांनी कृपया सांगावे की पहिल्या काही भेटींत प्रत्यक्षात काय करायचे असते, कोणते देणे आधी फेडायचे हे कसे ठरवायचे, आणि सल्लागाराने कुठे थांबायचे असते.

तिसरी_खुर्ची

आपला आराखडा का कोलमडला असेल याचा मला थोडाफार अंदाज बांधता येतो, कारण माझे पहिले चार आराखडे त्याच रीतीने कोलमडले होते. हे काम मी नऊ वर्षांपासून करत आहे. त्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. हिशेबाचे ज्ञान लागतेच. फक्त ते पहिल्या भेटीत लागत नाही.

पहिल्या भेटीला कुटुंब बहुधा एक पिशवी घेऊन येते आणि तिच्यात न उघडलेली पाकिटे असतात. लेखापालाचा हात लगेच त्या पिशवीकडे जातो. तो मागे घ्यावा. आधी एवढेच विचारावे की गेल्या महिन्यात न येता आपण आजच का आलात. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या तारखेत असते: घर खाली करण्याची नोटीस, वीज तोडण्याची सूचना, न्यायालयातील हजेरी, किंवा जामीन राहिलेल्या भावाच्या दारात वसुलीची माणसे येऊन गेल्याचा दिवस. ती तारीख आधी सांभाळावी लागते, कारण ती डोक्यावर टांगलेली असेपर्यंत समोरच्या माणसाला वर्षभराचा विचार सुचत नाही. पाकिटे त्यानंतर उघडायची, तीही त्यांनी स्वतःच्या हाताने. आपण शेजारी बसून प्रत्येक धनकोची पत्रे वेगळी करून तारखेप्रमाणे लावण्यास मदत करायची. जे पाकीट सहा महिने उघडण्याचे धैर्य झाले नव्हते, त्यात अनेकदा कल्पनेपेक्षा लहान आकडा निघतो. क्वचित मोठाही निघतो, पण मग तो निदान आकडा असतो.

दुसऱ्या भेटीपासून हिशेब सुरू होतो, आणि इथे दोन चुका जवळजवळ प्रत्येक नवा स्वयंसेवक करतो. पहिली म्हणजे "तुमचा महिन्याचा खर्च किती?" असे विचारणे. याचे खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे आपल्याला कमी खर्च झाला असावा अशी जी इच्छा असते तीच उत्तर म्हणून सांगितली जाते. त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांचे खातेउतारे घ्यावेत आणि रोखीच्या खर्चासाठी दोन आठवडे वही लिहायला सांगावी. दुसरी चूक गुणाकारातली आहे. आठवड्याचा खर्च चारने गुणला की महिन्याचा झाला असे आपण धरून चालतो, पण वर्षात आठवडे ५२ असतात आणि चारने गुणल्यास ४८च हिशेबात येतात. बाराने भागले तर खरा आकडा ४.३३ येतो. शिवाय वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या कागदावर दिसतच नाहीत: शाळेची फी, विम्याचा हप्ता, वाहनाची दुरुस्ती, चष्मा, कोणाच्या तरी आजारपणासाठी प्रवास. या सगळ्यांची वर्षाची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा बाजूला पडत नसेल, तर कागदावरची शिल्लक खोटी असते. आपला आराखडा तिसऱ्या महिन्यात मोडला, याचा अर्थ पहिले दोन महिने असा खर्च आलाच नव्हता, असे मला वाटते.

आता देण्यांची यादी. तिच्यात धनको, मुद्दल, व्याजदर, हप्ता, थकबाकी, तारण आणि जामीनदार हे रकाने आपण स्वतःहून आखालच. मी त्यांच्या शेवटी आणखी एक रकाना ठेवते: हे देणे थकवले तर नेमके काय होते? कोणते देणे आधी, याचे उत्तर त्या रकान्यात असते. कर्जात बुडालेले घर साधारणपणे जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे देते. दिवसातून दहा वेळा फोन करणाऱ्याला हप्ता मिळतो आणि मुकाट्याने वाट पाहणारा घरमालक किंवा घराचे कर्ज देणारी बँक मागे पडते. परंतु फोन करणाऱ्याचे कर्ज बहुधा विनातारण असते, आणि मुकाट्याने थांबलेल्याच्या हातात डोक्यावरचे छप्पर असते. म्हणून आधी निवारा, वीज, पाणी, औषधे आणि ज्या साधनावर मिळकत अवलंबून आहे ते साधन. त्यानंतर तारण असलेली आणि जामीनदाराला अडचणीत आणणारी देणी. आणि बाकीची सगळी त्यांच्या मागे. दंड, कर किंवा पोटगी यांसारख्या काही देण्यांबाबत कायदा विशेष कडक असतो, तेव्हा आपल्याकडचा कायदा काय म्हणतो हे प्रशिक्षणात नीट विचारून घ्यावे.

विनातारण कर्जे उरली की दोन पंथांचा वाद सुरू होतो. जास्त व्याजाचे कर्ज आधी संपवणे गणिताने नेहमीच स्वस्त पडते. सर्वांत लहान कर्ज आधी संपवले तर व्याज थोडे जास्त जाते, पण एक नाव यादीतून कायमचे खोडले जाते. कर्ज निपटारा कार्यक्रमातील ग्राहकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्चमध्ये आला होता, आणि त्यात खाती एकेक करून बंद करत जाणारी माणसे शेवटी कर्जमुक्त होण्याची शक्यता अधिक दिसली होती. मी कुटुंबासमोर दोन्ही मार्गांचे आकडे ठेवते आणि निवड त्यांच्यावर सोडते. व्याजदरांत फार मोठी तफावत असेल तर मात्र माझे मत स्पष्टपणे सांगते.

व्याजदरांविषयी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच, पण समोरच्याला बहुधा नसते. संपूर्ण मुदतीसाठी मूळ मुद्दलावर सरसकट १२ टक्के व्याज लावून ३ वर्षांचे १,००,००० चे कर्ज घेतले, तर ३६,००० व्याज होते आणि मासिक हप्ता सुमारे ३,७७८ येतो. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मोजला तर वार्षिक दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून यादीतील सगळे दर एकाच पद्धतीत आणल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. तसेच क्रेडिट कार्डाच्या किमान रकमेचे आहे. दरमहा ३ टक्के व्याज आहे आणि दर वेळी शिलकीच्या ५ टक्के एवढीच किमान रक्कम भरली जाते असे धरा. नवीन खरेदी एका पैशाची केली नाही तरी कर्ज निम्मे होण्यास सुमारे ३२ महिने लागतात, आणि तोपर्यंत मूळ कर्जाच्या जवळजवळ १.२ पट रक्कम भरून झालेली असते. हे गणित मी समोर बसून, त्यांच्याच हाती गणकयंत्र देऊन करवून घेते. "आम्ही भरतोय तरी संपत का नाही?" हा प्रश्न अनेकांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या नालायकीचा पुरावा म्हणून मनात ठेवलेला असतो, आणि त्याचे उत्तर तीन ओळींच्या गुणाकारात निघते.

धनकोंशी बोलणी करताना जेवढे देणे झेपेल त्याहून किंचित कमीच कबूल करावे. घाबरलेला माणूस फोनवर वाटेल तो आकडा कबूल करतो, आणि मोडलेले वचन न दिलेल्या वचनापेक्षा महागात पडते. ठरलेली सवलत लेखी मिळाल्याशिवाय ठरली असे समजू नये.

फेडलेले_कर्ज

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून आकड्यांविषयी काही सांगत नाही.

आमच्या घराच्या देण्यांची यादी झाली तेव्हा पत्नी माझ्या शेजारी बसली होती. मी सहा कर्जे सांगितली. प्रत्यक्षात ती सात होती. सातवे मी सहावे फेडण्यासाठी एका खाजगी सावकाराकडून घेतले होते आणि त्याचा पत्ता घरात कोणालाच नव्हता. सल्लागार बाईंनी सहा कर्जांवर आराखडा तयार केला, मी तो घरी नेला आणि दुसऱ्याच आठवड्यात मोडला, कारण त्यात दाखवलेली शिल्लक सातव्याच्या व्याजाला जात होती. त्यांना बहुधा आधीच शंका आली असावी. पुढच्या भेटीत त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून सहज म्हटल्यासारखे म्हटले, "पहिल्या यादीत सगळी देणी येतातच असे नाही, एखादे नंतर आठवते, ते आठवले की वहीत लिहा, पुन्हा मांडणी करायला मला काही त्रास नाही." त्यांनी "आठवते" हा शब्द वापरला, "लपवले जाते" असे म्हटले नाही. तिसऱ्या भेटीत मला आठवले.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. त्यांनी रकाना आखला आणि दर विचारला. पत्नीच्या चेहऱ्यावर पुष्कळ उमटले, आणि त्या दिवशी आम्ही हिशेब केलाच नाही. बाईंनी पाणी आणून दिले आणि बऱ्याच वेळाने पुढची तारीख ठरवली.

तोपर्यंत आम्हाला सल्ल्यांची वाण नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला प्रत्येक नातेवाइकाने ऐकवले होते, आणि अंथरूण कशामुळे आखूड झाले हे त्यांपैकी एकानेही विचारले नव्हते. आमच्या बाबतीत त्याचे कारण माझे नोकरीविना गेलेले अकरा महिने होते. आपल्या नातेवाइकाने विषय काढणे का बंद केले, हे मी सांगू शकत नाही. पण बिनचूक आराखडा मोडल्यावर तो बनवणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणे फार जड जाते, एवढे स्वतःवरून जाणतो.

हिशेबनीस

दोघांचेही मनापासून आभार. सातव्या कर्जाविषयी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो, कारण माझ्या नातेवाइकाच्या पत्नीला मी त्या वेळी एक प्रश्नही विचारला नव्हता. ती स्वयंपाकघरात होती आणि आम्ही दोघे बाहेरच्या खोलीत बसून तिच्या घराचा खर्च ठरवत होतो.

आणखी दोन शंका आहेत. एक जोडीदार एकटाच आला आणि दुसऱ्याला कळू देऊ नका म्हणाला तर काय करावे? आणि मी स्वतः धनकोंना फोन करून बोलणी करावीत का? नोकरीत मी थकबाकीदारांशी पुष्कळ बोललो आहे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूचा मला अनुभव आहे.

समन्वयिका

मी अशाच एका उपक्रमात स्वयंसेवकांचे प्रशिक्षण पाहते, त्यामुळे आपल्या दोन्ही शंका दर तुकडीत येतात.

एकटा आलेला जोडीदार आपला पूर्ण अशील असतो आणि त्याने सांगितलेले गुप्तच राहते. ते दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. अशा वेळी त्या व्यक्तीच्या नावावरील देणी आणि संयुक्त देणी एवढ्यांवरच काम करावे, आणि घराच्या पूर्ण चित्राशिवाय केलेला आराखडा लंगडा राहील हे तिला प्रामाणिकपणे सांगावे. संयुक्त कर्जाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. सहकर्जदार निम्म्या रकमेला बांधील असतो अशी समजूत असते, पण सामान्यतः करारानुसार दोघांपैकी प्रत्येकाकडून पूर्ण रकमेची वसुली होऊ शकते. लपवण्यामागे नेहमी लाजच असते असेही समजू नये. कधीकधी घरातील एक माणूस दुसऱ्याचे पैसे, कार्ड आणि सही यांवर ताबा ठेवून असतो, आणि "त्याला कळू देऊ नका" या विनंतीत भीती असते. बळजबरीने सही केल्याचा किंवा मारहाणीचा उल्लेख आला तर आराखडा बाजूला ठेवून त्या विषयात काम करणाऱ्यांकडे त्या व्यक्तीला पोहोचवावे, आणि अशा घरी पत्र किंवा निरोप पाठवण्यापूर्वी तिला विचारावे.

फोनबाबत सांगायचे तर लेखी संमतीपत्राशिवाय धनकोशी एक शब्दही बोलू नये. धनकोही बहुधा त्याशिवाय बोलणार नाही. संमती असली तरी पहिला फोन शक्यतो अशिलाने करावा, आपण शेजारी बसावे आणि काय बोलायचे हे आधी कागदावर लिहून घ्यावे. आपला अनुभव इथे उपयोगी पडेल, पण एक सावधगिरी बाळगा. वसुली करणाऱ्याला काय पटते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्याला पटेल असा आकडा आपल्या तोंडून पटकन निघेल. आपण आता त्याच्या बाजूने बसलेलो नाही.

थांबण्याच्या जागा आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. अशिलाच्या पैशाला हात लावायचा नाही, म्हणजे त्याचा हप्ता आपल्यामार्फत भरायचा नाही, त्याचे कार्ड किंवा पासवर्ड ठेवून घ्यायचा नाही, त्याला उसने द्यायचे नाही आणि जामीन राहायचे नाही. शेवटच्या दोन गोष्टी चांगल्या मनाच्या माणसांना सर्वांत अवघड जातात. आमच्याकडून गेलेले बहुतेक स्वयंसेवक यांतच अडकून गेले. कोणतेही कर्ज, विमा किंवा गुंतवणूक विकायची नाही, सुचवण्याचे कमिशन घ्यायचे नाही, आणि स्वतःच्या नातेवाइकांचे प्रकरण हाती घ्यायचे नाही. (आपल्या जुन्या आराखड्याबाबत हेही एक उत्तर आहे.) दिवाळखोरी, जप्ती, न्यायालयात उत्तर दाखल करणे या गोष्टी वकिलाकडे किंवा विधी साहाय्य केंद्राकडे सोपवायच्या. तिथली मुदत मात्र आपण वहीत ठळक लिहून ठेवायची, कारण नोटिशीला वेळेत उत्तर न दिल्यामुळेच पुष्कळ हक्क बुडतात. खाजगी सावकार धमक्या देत असेल तर त्याच्याशी वाटाघाट करायला स्वयंसेवकाने कधीही जाऊ नये. ते पोलिसांचे काम आहे.

काम सुरू करण्यापूर्वी संस्थेला परवान्याविषयी अवश्य विचारा. काही देशांत कर्जाविषयी सल्ला देणे विनामूल्य असले तरी नियमनाखाली येते. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ही देखरेख फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीकडे आहे. त्याच देशात दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ४ सप्टेंबर १९३९ रोजी नागरिकांसाठी सल्ला केंद्रे उघडली तेव्हा ती प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावरच चालली होती, आणि आज तिथेही प्रशिक्षण व पर्यवेक्षणाशिवाय कोणाला अशिलासमोर बसवत नाहीत. चुकीच्या सल्ल्याची आपल्याला वाटणारी भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी टिपण लिहिणे आणि ते पर्यवेक्षकाने वाचणे. ज्या संस्थेत आपले टिपण कोणी वाचत नाही, तिथे जाऊ नये.

एक गोष्ट मी स्वतंत्रपणे लिहिते. कर्जात बुडालेल्या माणसाच्या बोलण्यात "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे काही आले, तर विषय बदलू नये. जीव देण्याचे विचार मनात येतात का, असे शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि मदत मिळेपर्यंत थांबावे. हे कसे करायचे याचे प्रशिक्षण देत नसतील तर ते मागून घ्यावे.

उलट_बाजू

सगळ्यांच्या अनुभवाचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला घरखर्च आखता येत नाही, या गृहीतकाविषयीच मला शंका आहे. प्रत्येक नाणे कुठे जाते हे त्या घरातल्या बाईला कोणत्याही लेखापालापेक्षा चांगले ठाऊक असते. कमी आहे ती मिळकत. २०१३ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील तेच ऊस उत्पादक शेतकरी कापणीपूर्वीच्या तंगीच्या दिवसांत बौद्धिक चाचण्यांत मागे पडताना आणि कापणीनंतर सुधारताना आढळले होते. म्हणजे चणचण ही स्वतःच डोक्यावरचे ओझे असते, आणि आपण तिलाच बेशिस्त म्हणतो. शिवाय आर्थिक शिक्षणावरील २०१ अभ्यासांचा जो आढावा २०१४ साली मॅनेजमेंट सायन्समध्ये आला, त्यात लोकांच्या आर्थिक वर्तनातील फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने समजावता आला. मग खर्चाच्या वहीचा उपदेश कशासाठी? दात कोरून पोट भरत नाही.

तिसरी_खुर्ची

आपला निम्मा आक्षेप मला मान्य आहे. पण आपण उल्लेखलेल्या आढाव्यात एक सूचनाही होती, की शिकवलेले काळानुसार विरत जाते, म्हणून ते निर्णयाच्या वेळीच द्यावे. कर्ज समोर असताना शेजारी बसणे हे त्याच प्रकारचे काम आहे. तो वर्ग नसतो. २०२२ साली जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्समध्ये ७६ यादृच्छिक प्रयोगांचा (ज्यांत कोणाला शिकवायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात) एकत्रित आढावा आला, त्यात परिणाम बराच अधिक दिसला. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटवण्यास पात्रही नाही.

मिळकतीबाबत मात्र आपले बरोबर आहे, आणि मी पहिल्या उत्तरात ते लिहायला हवे होते. खर्चाच्या रकान्याला हात लावण्यापूर्वी मिळकतीचा रकाना पूर्ण तपासावा: मिळण्यास पात्र असूनही न मागितलेले भत्ते, थकलेला पगार, फीमधील सवलत, विम्याचा न केलेला दावा, खात्यातून दरमहा कापले जाणारे आणि कोणालाच न आठवणारे शुल्क. एका घरी मी महिनाभर खर्च कसा आवळायचा याची चर्चा करत बसले आणि त्यांना लागू असलेली सवलत दुसऱ्या स्वयंसेविकेने दहा मिनिटांत शोधून काढली. आवळलेल्या सगळ्या खर्चापेक्षा ती मोठी होती.

आणि एवढे करूनही बेरीज ऋणच येत असेल, तर तोंडमिळवणीचा आराखडा बनवूच नये. तसा कागद केवळ आपल्या समाधानासाठी असतो. तिथे व्याजमाफी, मुद्दलात तडजोड, वसुलीला तात्पुरती स्थगिती किंवा कायद्याने दिवाळखोरी असे मार्ग राहतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये, उदाहरणार्थ, २०२१ पासून नोंदणीकृत सल्लागारामार्फत अर्ज केल्यास साधारणतः ६० दिवस बहुतेक व्याज आणि वसुली थांबते. आपल्या ठिकाणी असे काय आहे याची यादी प्रत्येक स्वयंसेवकाच्या दप्तरात असली पाहिजे. मिळकत अपुरी आहे हे कागदावर सिद्ध करून दाखवणे हाही त्या वहीचा एक उपयोग आहे. तोंडी रडगाणे ऐकून न बधणारा धनको तीन महिन्यांच्या नोंदी पाहून पुष्कळदा बोलणी करायला तयार होतो.

हिशेबनीस

काल मी तो जुना आराखडा शोधून काढला. सवयीने त्याची प्रत ठेवली होती. किराणा चारने गुणलेला आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाची एकही ओळ नाही. थकवल्यास काय होईल हा रकाना नाही, आणि मी पहिला क्रमांक दिला आहे तो त्या वेळी रोज फोन करणाऱ्या वित्तसंस्थेला. खाली माझी नीटनेटकी सही आहे, जणू ते कर्ज माझेच होते.

संस्थेला मी होकार कळवला आहे. पहिल्या आठ भेटींत मी फक्त निरीक्षक म्हणून बसेन, असे मीच त्यांना सुचवले. त्यांनी सांगितले की त्यांचा नियम दहाचा आहे. समन्वयिकांनी सुचवल्याप्रमाणे टिपणे कोण वाचते असेही विचारले, तेव्हा त्याच हसणाऱ्या बाई वाचतात असे कळले.

त्या नातेवाइकाचे प्रकरण मी पुन्हा हाती घेणार नाही. पण त्याला भेटून, आराखड्यातली चूक माझी होती एवढे सांगून यायचे आहे. त्याच्या पत्नीलाही.

फेडलेले_कर्ज

अवश्य जा. फक्त जाताना तो कागद सोबत नेऊ नका.